एका वेळी एकच नोंद

संध्याकाळी सातच्या सुमारास मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर यांपैकी कोणत्याही गावच्या पेठेतून चालत गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. किराणा, कापड, भुसार किंवा शेतीऔषधांच्या एखाद्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला शाळकरी मूल पुस्तक उघडून बसलेले असते. समोर इतिहासाचा धडा असतो. मध्येच गिऱ्हाईक येते; मूल उठून साखर बांधून देते, सुटे पैसे मोजते आणि पुन्हा धड्यावर येते. शेजारी ठेवलेला मोबाईल घटकेघटकेला उजळतो. वडील पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याशी फोनवर बोलत असतात, त्याच वेळी नोकराला खुणेने माल काढायला सांगत असतात आणि हाताने उधारीची नोंद करीत असतात. आलेल्या पाहुण्याला ते कौतुकाने सांगतात, ‘आमचं पोरगं अष्टावधानी आहे. दुकान सांभाळून अभ्यास करतं.’

दोन दिवसांनी शाळेत चाचणी होते. धडा दोनदा वाचलेला असतो, पानावर खुणाही केलेल्या असतात. पण उत्तर आठवत नाही. मग घरात त्याचा निवाडा होतो. ‘स्मरणशक्तीच कमी आहे’, असे एक जण म्हणतो. भिजवलेले बदाम सुरू होतात, ब्राह्मीची बाटली येते, शिकवणीची आणखी एक फी भरली जाते. काही घरांत तर ‘अभ्यासाचं डोकं नाही, दुकानातच बसव’, असा निर्णयही होऊन जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल अशा एखाद्या संध्याकाळी लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीच्या पुराव्यावर दिलेला असतो. मुलाची स्मरणशक्ती तपासण्यापूर्वी, लक्षात ठेवायची गोष्ट मुळात त्याच्या स्मरणात दाखल झाली होती का, हे पाहायला हवे. व्यापारी घराला ही गोष्ट समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. रोजकीर्दीत जी रक्कम लिहिलीच गेली नाही, ती खतावणीत कितीही शोधली तरी सापडत नाही. दोष खतावणीचा नसतो. नोंद करण्याच्या क्षणी कोणाचे तरी लक्ष दुसरीकडे असते.

बाजारातील जुनी शिस्त

एका वेळी अनेक कामे करता येणे हा व्यापाऱ्याचा गुण मानला जातो आणि वरवर पाहता बाजार त्याला दुजोराही देतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाच्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नसते. गाड्या लागलेल्या, क्रेट रचलेले, भाव पुकारले जात असलेले, शेतकरी दर ऐकण्यासाठी कान देऊन उभे आणि आडत्याचा माणूस या सर्वांच्या मधोमध वहीत आकडे टाकत असलेला. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस एकाच वेळी पाच कामे करीत आहे.

थोडा वेळ तेथे उभे राहून पाहिले, की वेगळे चित्र दिसते. सराईत माणूस भाव ऐकतो, मग लिहितो. लिहिताना कोणी हाक मारली, तर तो हात वर करून थांबण्याची खूण करतो, आकडा पुरा करतो आणि मगच मान वर करतो. नवशिका मात्र लिहिता लिहिता उत्तर देतो आणि संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर एका गाडीचे क्रेट दुसऱ्याच्या नावावर निघतात. नोटा मोजणाऱ्याची रीतही हीच आहे. मोजणी चालू असताना कोणी बोलले, तर अनुभवी रोखपाल अंदाजाने पुढे जात नाही. बंडल खाली ठेवून पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात करतो. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासण्याची पद्धत आहे, तिच्यामागेही माणसाचे लक्ष कधीही निसटू शकते, ही कबुलीच आहे. आधी लिहावे, मग द्यावे, म्हणजे विसर पडला तर कागद साक्ष देतो, ही मारवाडी पेढीवरची शिकवण तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गल्ल्यावर जी दक्षता घेतली जाते, ती गल्ल्याशेजारच्या पुस्तकाला मात्र लागू केली जात नाही.

डोक्यावर ऊन, पायांत पाणी

दोन गोष्टींकडे मन खरोखर एकाच वेळी लक्ष देऊ शकते काय, हा प्रश्न मोबाईलच्या काळात निर्माण झालेला नाही. जैन परंपरेत त्यावर फार प्राचीन काळी वाद झालेला आहे. श्वेतांबर परंपरेने ज्यांना निह्नव म्हटले, म्हणजे आगमातील एखाद्या मुद्द्यावर वेगळी भूमिका घेतल्याने जे संघाबाहेर गेले, त्यांत पाचवे आर्य गंग होत. महावीर-निर्वाणानंतर २२८ वर्षांनी ही घटना घडली, असे परंपरा सांगते. जिनभद्रगणी क्षमाश्रमणांच्या ‘विशेषावश्यक भाष्या’त या वादाची सविस्तर चर्चा आहे.

आर्य गंग उल्लुका नदीच्या एका तीरावर राहत होते आणि त्यांचे गुरू आचार्य धनगुप्त दुसऱ्या तीरावर. शरद ऋतूत गुरुवंदनासाठी ते नदी ओलांडू लागले. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे टाळू उन्हाने तापली होती. पाय मात्र गार पाण्यात होते. त्यांच्या मनात आले, ‘एका वेळी एकाच क्रियेचे वेदन होते, असे आगम सांगतो. मला तर उष्ण आणि शीत, दोन्ही एकदमच जाणवत आहेत.’ वैशाखात कुकडी, मीना किंवा घोड नदीच्या पात्रातून चालत गेलेल्या कोणालाही ही शंका पटण्यासारखी आहे.

गुरूंनी दिलेले उत्तर आजही विचार करण्यासारखे आहे. काळाचा सर्वांत लहान अंश, ज्याला ‘समय’ म्हणतात, तो अतिसूक्ष्म आहे आणि मन अतिशय चंचल व शीघ्रगामी आहे. ते उष्णतेकडून शीताकडे आणि शीताकडून उष्णतेकडे इतक्या वेगाने जाते, की मधला क्रम ध्यानात येत नाही. कमळाची शंभर पाने एकावर एक ठेवून सुईने भोसकली, तर सर्व पाने एकदम छेदली गेली असे वाटते. वास्तविक सुई एकेका पानातून क्रमानेच जाते. जळते कोलीत गरगर फिरवले, तर अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. वास्तविक कोलीत कोणत्याही क्षणी एकाच ठिकाणी असते. आर्य गंगांना हे त्या वेळी पटले नाही आणि ते संघाबाहेर गेले. पुढे राजगृही त्यांना आपली चूक उमगली आणि ते परतले, अशी कथा आहे.

दुकानात बसून धडा वाचणारे मूल आणि त्याचे कौतुक करणारे वडील यांची समजूत आर्य गंगांसारखीच असते. कोलीत इतक्या वेगाने फिरते, की दोन्ही कामे एकदमच चालली आहेत, असे त्यांना मनापासून वाटते.

प्रयोगशाळेची साक्ष

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगांनी तपासला. १९९६ साली कॅनडातील टोरंटो येथील फर्गस क्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यांनी लोकांना शब्द लक्षात ठेवायला दिले. काहींना शब्द ऐकत असतानाच दुसरे एक काम करायला लावले. काहींना शब्द शांतपणे ऐकू दिले, पण आठवून सांगताना ते दुसरे काम दिले. आठवताना लक्ष विभागले, तेव्हा स्मरणाचे नुकसान तुलनेने थोडे झाले. शिकताना लक्ष विभागले, तेव्हा मात्र ते पुष्कळ झाले. म्हणजे खरी हानी नोंदीच्या क्षणी होते. ज्याने शांतपणे शिकून घेतले आहे, त्याला गोंगाटातही बरेचसे आठवते. ज्याने गोंगाटात शिकले आहे, त्याला परीक्षेच्या शांत खोलीतही आठवत नाही.

येथे एक रास्त आक्षेप येईल. दुकानात वाढलेली मुले पुष्कळ शिकतात, हे तर सर्वांनी पाहिलेले आहे. मालाचे भाव, वजनाचा अंदाज, गिऱ्हाइकाचा स्वभाव त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतला? त्या गडबडीतच ना? या आक्षेपाचे उत्तर २००६ साली अमेरिकेतील कॅरिन फोर्डे, बार्बरा नोल्टन आणि रसेल पोल्ड्रॅक या संशोधकांच्या प्रयोगातून मिळते. त्यांनी तरुणांना आकृत्या काढलेली पत्ती दाखवून ‘पाऊस पडेल की ऊन पडेल’ याचा अंदाज करायला शिकवले. एक संच शांतपणे शिकवला. दुसरा शिकवताना, कानावर पडणाऱ्या आवाजांपैकी उंच स्वराचे आवाज मनात मोजत राहायचे, अशी अट घातली. नंतर अंदाज बरोबर येण्याचे प्रमाण दोन्ही संचांत जवळजवळ सारखेच निघाले. पण कोणत्या पत्त्याचा संबंध कशाशी आहे, असे उलटून विचारले, तेव्हा आवाज मोजत शिकलेल्या संचाबद्दलचे ज्ञान उणे ठरले.

मेंदूच्या चित्रणात त्याचे कारण दिसले. शांतपणे शिकताना हिप्पोकॅम्पस हा भाग कामात होता. समजून घेतलेली, हवी तेव्हा हव्या त्या रूपात काढता येणारी स्मृती त्याच्या आधाराने तयार होते. लक्ष विभागलेले असताना शिकणे स्ट्रायटम या दुसऱ्या भागाकडे झुकले. तो सवयी घडवतो. सवय उपयोगी असते, परंतु ती जशी लागली तशीच चालते. म्हणून दुकानातील मुलाला ठरलेला भाव ठरलेल्या वेळी अचूक सांगता येतो आणि तोच मुलगा गणिताचे उदाहरण थोडे फिरवून विचारले, की गोंधळतो. धडा पाठ असतो, पण प्रश्नातील शब्द बदलले की उत्तर सापडत नाही. त्याने काहीच शिकले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने सवय मिळवली. समज मिळवायला जे लागते, ते त्या संध्याकाळी त्याच्याजवळ नव्हते.

तिसरा प्रयोग थेट रस्त्याशी संबंधित आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मालाच्या निमित्ताने ज्यांची रोजची ये-जा असते, त्यांनी तो ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वाहनावर लोकांना गाडी चालवायला लावली. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल अधिक चुकले आणि फोन हातात धरला होता की हात मोकळे होते, याने विशेष फरक पडला नाही. २००३ सालच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. चालकांची नजर रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर खिळली होती, तेच फलक नंतर दाखवून ‘हे पाहिले होते का’ असे विचारले, तेव्हा बोलत गाडी चालवणाऱ्यांना ते फारच कमी ओळखता आले. डोळे उघडे होते, नजर त्या जागी होती, तरीही पाहिलेले आत पोहोचले नाही. कानात यंत्र अडकवून ‘आमचे दोन्ही हात मोकळे आहेत’, असे सांगणाऱ्यांचे हात मोकळे असतात, हे खरे. मन मोकळे नसते.

अवग्रहापासून धारणेपर्यंत

या सर्व प्रयोगांचे सार उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील मतिज्ञानाच्या विवेचनाशी ताडून पाहण्याजोगे आहे. इंद्रिये आणि मन यांच्या द्वारे होणाऱ्या ज्ञानाचे तेथे चार टप्पे सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. काहीतरी आहे, एवढी पहिली जाणीव म्हणजे अवग्रह. ते काय असावे, याची पृच्छा म्हणजे ईहा. हे अमुकच आहे, असा निश्चय म्हणजे अवाय. तो निश्चय टिकून राहणे, पुढे स्मरणाला आधार देणे म्हणजे धारणा.

धारणेची जागा चौथी आहे, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेतली पाहिजे. ‘शिवनेरी किल्ल्यावर शिवरायांचा जन्म झाला’ हे वाक्य मुलाच्या डोळ्यांपुढून जाते, तेव्हा अवग्रह होतो. हा किल्ला आपल्या जुन्नरजवळचा, मग जिजाबाई येथे का आल्या असतील, असा प्रश्न मनात उठला तर ईहा झाली. उत्तर शोधून मनाशी ठरवले तर अवाय झाला. नेमक्या त्याच वेळी फोन उजळला किंवा गिऱ्हाइकाने हाक मारली, तर मन अवग्रहावरूनच मागे फिरते. परत आल्यावर ते पुन्हा अवग्रहापासून आरंभ करते. अशा रीतीने धडा दोनदा वाचला, तरी तो दोनदा पहिल्या पायरीवर येऊन गेलेला असतो. नुसते बदाम खाऊन हा जिना चढता येत नाही.

शतावधानी नेमके काय करतो?

‘मग शतावधानी कसे होतात?’ असा प्रश्न जैन घरात विचारला जाणारच. श्रीमद् राजचंद्र यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८६७ साली सौराष्ट्रातील ववाणिया येथे जन्मलेल्या या व्यापारी-साधकाने १८८७ साली, वयाची विशीही पुरी झालेली नसताना, मुंबईच्या सर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शंभर अवधाने करून दाखवली. त्यांच्या अवधानांमध्ये चौपट, पत्ते आणि बुद्धिबळ खेळणे, घंटेचे ठोके मोजणे, गणिते सोडवणे, वेगवेगळ्या भाषांतील वाक्यांचे विस्कटून दिलेले शब्द जुळवणे असे नाना प्रकार असत. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची मुंबईत त्यांच्याशी भेट झाली. युरोपीय भाषांतील आपल्याला येत होते तेवढे शब्द गांधीजींनी त्यांना ऐकवले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने पुन्हा म्हणून दाखवले, अशी हकीकत गांधीजींनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. अलीकडे नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळी येथे मुनी अजितचंद्रसागरजींनी ५०० अवधानांचा प्रयोग केला.

अवधानाची रचना नीट पाहिली, तर तिचे मर्म कळते. अवधानीपुढे गोष्टी एकामागून एक येतात. एकाने शब्द दिला, मग दुसऱ्याने आकडा दिला, मध्ये घंटा वाजली, मग तिसऱ्याने प्रश्न विचारला. जी गोष्ट समोर येते, तिला अवधानी त्या वेळेपुरते संपूर्ण लक्ष देतो, तिची मनात पक्की जागा ठरवतो आणि मगच पुढच्या गोष्टीकडे वळतो. समोर काहीही आले, तरी आधीची नोंद अर्धवट राहत नाही. म्हणजे शतावधान म्हणजे एका लक्षाचे शंभर तुकडे नसून शंभर वेळा दिलेले अखंड लक्ष होय. ते वर्षानुवर्षांच्या साधनेने आणि संयमाने येते. दुकानाच्या गडबडीतून ते आपोआप येत नाही.

सरावाने काय साधते, याचाही प्रयोग झालेला आहे. १९७६ साली अमेरिकेतील एलिझाबेथ स्पेल्की, विल्यम हर्स्ट आणि अल्रिक नायसर यांनी दोन विद्यार्थ्यांना गोष्टी वाचता वाचता सांगितलेले शब्द लिहून घेण्याचा सराव दिला. आठवड्याचे पाच दिवस, रोज सुमारे तासभर. आरंभी त्यांचे वाचन मंदावले. काही आठवड्यांनी मात्र लिहिता लिहिता ते नेहमीच्या वेगाने आणि समजून वाचू लागले. पोळी लाटता लाटता नवकार म्हणणे किंवा पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाशी बोलणे जमते, ते याच कारणाने. हाताचे काम अंगवळणी पडलेले असते. अभ्यासाचा नवा धडा मात्र कधीच अंगवळणी पडलेला नसतो. म्हणूनच तो अभ्यास असतो.

राजचंद्रांच्या चरित्रातील दोन गोष्टी व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली, साधनेच्या मार्गात अडथळा ठरते म्हणून त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोग लवकरच सोडून दिले. दुसरी, ते जवाहिऱ्यांच्या पेढीवर लाखोंचे व्यवहार करीत असत आणि त्यांच्या गादीवर एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी नेहमी असे. गांधीजींनी पाहिले, की व्यवहाराचे बोलणे संपले, की ते लगेच ग्रंथ किंवा वही उघडत. क्रम येथेही स्पष्ट आहे. व्यवहार चालू असताना ग्रंथ मिटलेला असे आणि ग्रंथ उघडल्यावर व्यवहार संपलेला असे. दोन्ही एकाच गादीवर होते. एकाच क्षणी नव्हते.

खोडदचे शांत आकाश

नारायणगावपासून जवळच खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तेथील परिसरात दूरवर पसरलेल्या आहेत. ही जागा निवडताना जी कारणे पाहिली गेली, त्यांत रेडिओ लहरींचा गोंगाट येथे कमी आहे, हे एक प्रमुख कारण होते. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असतात. जवळचे एखादे यंत्रही त्यांना झाकून टाकू शकते. साऱ्या अँटेना एकाच स्रोताकडे वळवल्या आणि भोवतालचा गोंगाट आवरला, तरच दूरचा संकेत हाती येतो. जुन्नर तालुक्यातील मुलांना शाळेच्या सहलीत ही दुर्बीण दाखवली जाते. घरी परतल्यावर त्यांच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र गोंगाटाचे यंत्र ठेवलेले असते.

घरात आणि दुकानात करता येण्याजोगे

व्यापारी घराने मुलांना दुकानात बसवूच नये, असा याचा अर्थ नाही. दुकानात मिळणारे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. दोन शिक्षणांच्या वेळा वेगळ्या कराव्यात, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी नवीन खर्च लागत नाही.

सामायिकाची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणजे दोन घटकांची आहे. तेवढा वेळ एका जागी, एका संकल्पाने बसण्याची सवय आपल्या घरांत पूर्वापार आहे. सामायिकात टाळायचे ३२ दोष सांगितले आहेत. त्यांत १० मनाचे, १० वचनाचे आणि १२ कायेचे. बोलणे आणि हालचाल यांच्या बरोबरीने मनाच्या भटकण्यालाही दोष मानणारी ही दृष्टी अभ्यासालाही लागू करता येईल. मुलाने रोज दोन घटका अभ्यासाला बसावे. त्या वेळात त्याला दुकानातून हाक मारू नये आणि मोबाईल उलटा ठेवण्याऐवजी दुसऱ्या खोलीत ठेवावा. तासन्‌तास गल्ल्याशेजारी पुस्तक उघडून बसण्यापेक्षा अशा दोन घटकांनी अधिक काम होईल. त्यानंतर मूल खुशाल दुकानात बसावे आणि तेथे पुस्तक न उघडता दुकानाकडेच लक्ष द्यावे.

अभ्यास कसा करावा, याचेही मार्गदर्शन ‘तत्त्वार्थसूत्रा’तील स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत सापडते : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, शंका विचाराव्यात, मनात घोळवावे, पुन्हा पुन्हा म्हणावे आणि दुसऱ्याला सांगावे. २००६ साली अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी दाखवून दिले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून तो आठवून पाहणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक ध्यानात राहतो. लगेच घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून पाहणारे पुढे गेले. रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाला ‘अभ्यास झाला का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय वाचलंस, ते सांग’ असे म्हटले, तर पाचवा प्रकार घरच्या घरी साधतो. मात्र ऐकणाऱ्यानेही त्या वेळी फोन बाजूला ठेवला पाहिजे.

व्यत्यय टाळताच आला नाही, तर आडत्याची रीत वापरावी : हातातले वाक्य पुरे करावे, पेन्सिलीने खूण करावी आणि मगच उठावे. परत आल्यावर त्या परिच्छेदाच्या आरंभापासून वाचावे. रोख मोजणे, औषधांच्या मात्रा देणे, धनादेशावर सही करणे, मोबाईलवरून पैसे पाठवणे या कामांच्या वेळी बोलू नये. रस्त्यावर महत्त्वाचा फोन आला, तर गाडी कडेला घ्यावी.

घरातील स्त्रियांबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधे, मुलांचा गृहपाठ, दुकानातून येणारे निरोप हे सर्व एकाच वेळी सांभाळणाऱ्या सुनेला ‘अष्टावधानी’ म्हणून गौरवले जाते आणि एखादे दिवशी दूध उतू गेले किंवा निरोप राहिला, तर तिला विसराळू म्हटले जाते. ती विसरलेली नसते. निरोप दिला गेला, तेव्हा तिचे लक्ष चार ठिकाणी वाटलेले होते आणि ते तसे वाटले जावे, अशी व्यवस्था घरानेच केलेली होती. निरोप लिहून ठेवण्यासाठी स्वयंपाकघरात एक पाटी लावणे आणि मुलांच्या अभ्यासाची दोन घटकांची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणी घेणे, हे तिच्या गौरवापेक्षा अधिक उपयोगी आहे.

ज्येष्ठांनाही यातून थोडा दिलासा मिळू शकेल. चष्मा कोठे ठेवला, कुलूप लावले की नाही, हे आठवेनासे झाले, की वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाची धास्ती वाटते. फोनवर बोलत बोलत कुलूप लावले असेल, तर ती नोंद झालेलीच नसते; त्याला विसरणे म्हणता येत नाही. लक्षपूर्वक केलेल्या, ऐकलेल्या गोष्टीही वारंवार निसटू लागल्या, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर मात्र संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातील शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे, गायींचे, नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले असून भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांत त्यांची गणना होते. शेजारी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची त्या घाटात किती वर्दळ असेल, याची कल्पना करता येते. त्या वर्दळीत ज्या कोणी छिन्नी चालवली, त्याने एका वेळी एकच आकडा कोरला. दोन हजार वर्षांनंतरही ते आकडे वाचले जातात.

आज संध्याकाळी मंचरच्या त्या दुकानात गल्ल्याशेजारची खुर्ची दोन घटका रिकामी राहील, तर एखादे गिऱ्हाईक थोडे थांबेल आणि वडिलांना साखर स्वतः बांधावी लागेल. त्या मोबदल्यात आतल्या खोलीत एक धडा चौथ्या पायरीपर्यंत पोहोचेल. मुलाच्या डोक्याविषयी काही मत बनवायचेच असेल, तर ते अशा काही संध्याकाळी त्याला मिळाल्यानंतर बनवावे.